सरांची झोळी

माणसाला तीन दिवस एकटं राहायचं असेल, तर आधी आमच्या डोंगरातल्या पाऊण बागियो शहराची परवानगी काढावी लागते, हे मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळलं.

एकटं राहण्याची हौस मला जन्मजात नाही. हौस लागावी अशी आमच्या घराची रचनाच नाही. आमच्याकडे बायको, मेहुणा, दोन मुलं, एक सून, सुनेची मावशी आणि मावशीला भेटायला आलेलं कोणीतरी, एवढी माणसं कायम असतात. न्हाणीघरात जरा वेळ लागला की दारावर टकटक होते आणि कोणीतरी विचारतं, "बरं वाटतंय ना?" हा प्रश्न गेल्या वर्षापासून फार वाढला. गेल्या वर्षी माझ्या हृदयाच्या एका नळीत डॉक्टरांनी इवलीशी स्प्रिंग बसवली. स्प्रिंग उत्तम चालली आहे. डॉक्टर स्वतः म्हणाले, "मिस्टर दुमलाव, चाला, चढ चढा, वर्गात पोरांवर ओरडा. तुम्हाला काही होत नाही." पण डॉक्टरांचं ऐकायला आमच्या घरात वेळ कोणाला आहे? मी पाण्याची बादली उचलली की सून धावते. तांदळाच्या पोत्याकडे नुसतं बघितलं तरी मुलगा मला खुर्चीत बसवतो. एकदा तर मावशींनी माझ्या हातातली छत्री काढून घेतली आणि मला भर पावसात, छत्रीशिवाय पण विश्रांती घेत, घरी आणलं.

शेवटी फेलीने अर्ज आणला. फेली म्हणजे माझी बायको. ती भाजीपाला उत्पादकांच्या सोसायटीत हिशेब बघते, त्यामुळे तिच्या हातात कागद दिसला की घरातले सगळे आपापल्या खोलीत जातात. ती मला मुलांदेखत आणि मुलांमागेही डॅडी म्हणते.

"डॅडी, इथे सही कर."

"कशावर?"

"मुदतीआधीच्या निवृत्तीवर. शाळा पुरे झाली. आता घरी बसायचं, बागेत फिरायचं, वेळेवर गोळी घ्यायची."

"मला गणित शिकवायचंय."

"तीस वर्षं शिकवलंस. कोणाला आलं?"

हा वार वर्मी लागला. तशात मी आदल्या दिवशीच दवाखान्यात एक मासिक चाळलं होतं. त्यात एक फोटो होता. दोन पाईन झाडांना झोळी टांगलेली, झोळीत एक माणूस कॉफीचा पेला घेऊन पडलेला, समोर डोंगरांच्या रांगा. मी बराच वेळ तो फोटो बघत होतो. झोळी बघत नव्हतो, डोंगरही बघत नव्हतो. त्या माणसाच्या आजूबाजूला कोणीही नव्हतं, ते बघत होतो.

"मी डोंगरात जाणार," मी म्हणालो. "एकटा. पाठीवर सामान घेऊन. तीन दिवस चालणार आणि झोळीत झोपणार. मग ठरव मी म्हातारा झालो का ते."

मग फेली अगदी शांतपणे म्हणाली, "ठीक आहे. स्वतःच्या पायांवर खाली आलास तर अर्ज फाडते. कोणाला उचलून आणावं लागलं तर सही."

"कबूल."

"नोंद झाली," कोपऱ्यातून माझा मेहुणा क्रिस्पुलो म्हणाला. क्रिस्पुलो कोर्टात शिरस्तेदार होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण घरात कोणी काही बोललं की तो अजून ते नोंदवून घेतो.

झोळी मी मागवली. सवलतीत मिळत होती म्हणून पांढऱ्या रंगाची घेतली. वरून मच्छरदाणी, मच्छरदाणीला चेन, आत पाठीखाली घालायची दुलई. सराव करायला म्हणून ती आमच्या गल्लीत अवाकाडोचं झाड आणि दिव्याचा खांब यांच्यामध्ये बांधली. झोळीत बसायचं कसं यावर गल्लीचं मत घेण्याची माझी अजिबात इच्छा नव्हती, पण आमच्या गल्लीत मत मागावं लागत नाही. एक म्हणाला, आधी पाय. दुसरा म्हणाला, आधी बूड. मी दोघांचा मान राखायला गेलो आणि झोळीच्या पलीकडच्या बाजूने जमिनीवर उतरलो. दिव्याचा खांब त्या दिवसापासून किंचित वाकडा आहे. त्याबद्दल कप्तानांनी, म्हणजे आमच्या वस्तीच्या निवडून आलेल्या प्रमुखांनी, मला बोलावून घेतलं आणि खांबाचं बोलता बोलता डोंगराची बातमीही काढून घेतली.

मग काय, सल्ला द्यायला सगळे मोकळे झाले. शेजारच्या मनांग पुरिता, म्हणजे पुरिताताई, आल्या. बाईंचं वय सत्तरीच्या पुढचं, पण गल्लीतलं प्रत्येक आजारपण त्यांना पेशंटच्या आधी कळतं.

"मास्तर, झाडाखाली लघवीला बसण्याआधी तिथल्या अदृश्य मंडळींची माफी मागायची."

"मी गणिताचा माणूस आहे, मनांग."

"मग गणिताच्या भाषेत मागा. पण मागा. आणि कान उघडे ठेवून झोपायचं नाही, डोंगरातला वारा कानातून शिरतो. टॉवेल असा डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारायची." त्यांनी तिथल्या तिथे माझ्या डोक्याला टॉवेल बांधून दाखवला. सुनेची मावशी मला तशा अवतारात बघून का रडली, ते मला तेव्हा उमगलं नाही.

मी एकटा जाणार म्हटल्यावर प्रत्येकाला डोंगरातून काहीतरी हवं होतं. एकाला मध, एकाला काळा तांदूळ, कप्तानांना फुलझाडाची रोपं. जायच्या आदल्या संध्याकाळी फेलीने सगळ्यांना जेवायला बोलावलं. लांब आयुष्यासाठी लांब शेवया, डुकराच्या मांसाचं आंबटखारं अदोबो आणि कराओके. सगळ्यांनी गाणी म्हटली, पण गाणी जरा जास्तच विरहाची निवडली. फादर येऊन आशीर्वाद देऊन गेले. उठताना लोक माझ्याशी हस्तांदोलन करायचे, फेलीच्या खांद्यावर थोपटायचे आणि म्हणायचे, "धीर धर." मी समोर उभा होतो हो, ताट हातात घेऊन!

किलाड डोंगराच्या पायथ्याशी नोंदणीचं कार्यालय आहे. शिखरावर जायचं तर वाटाड्या सक्तीचा, पण मला शिखर नको होतं. मी डोंगराला वळसा घालून गावागावांतून जाणाऱ्या जुन्या पायवाटेने निघणार होतो. कार्यालयात मिस ओफेलिया नावाच्या बाई होत्या. आवाज गोड, नियम कडक.

"गटात किती जण, सर?"

"मी एकटा."

"हो, पण गटात किती?"

"गट नाहीच. एकटा."

"एकट्याने जायचं तरी गट लागतो, सर. गटाचा एक प्रमुख, निदान एक सदस्य. सदस्याची जबाबदारी प्रमुखावर."

"मग दोन्ही जागी माझंच नाव लिहा."

त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिलं. मग प्रमुख म्हणून मी सदस्याची सर्वस्वी जबाबदारी घेत असल्याची सही केली, आणि सदस्य म्हणून प्रमुखाच्या आज्ञेत राहीन अशी दुसरी. तेवढ्यात त्यांची नजर डॉक्टरांच्या दाखल्यावर गेली. दाखल्यात वर ठळक अक्षरांत 'हृदयरुग्ण' असं होतं आणि खाली बारीक अक्षरांत 'प्रकृती उत्तम, गिर्यारोहणास हरकत नाही' असं होतं.

"हा दर्शनी भागी लावायचा, सर. कोणी तपासायला आलं तर तुम्हाला झोपेतून उठवायला नको." त्यांनी दाखला प्लास्टिकच्या पाकिटात घातला, मागे फेलीचा नंबर लिहिला आणि अडकवायला चिमटाही दिला. सरकारी कार्यालयातून मला आजवर फुकट मिळालेली ती एकमेव वस्तू. पुढे मला त्या चिमट्याइतकं कोणीच छळलं नाही.

चालायला लागलो आणि मला स्वतःचंच नवल वाटलं. धाप लागत होती, पण ती माझ्या वयाला शोभेल अशी लागत होती. पाठीवरचं सामान जड होतं, कारण गल्लीने दिलेला केळीच्या पानातला गोड भात मी नाकारू शकलो नव्हतो. पण छातीत सगळं शांत. चढ संपला की मी मनगटावर बोट ठेवून नाडी मोजायचो आणि स्वतःला शाबासकी द्यायचो. दम्याच्या पोरासारखं घरात वर्षभर जपलेलं हे शरीर अजून माझं ऐकत होतं. मला खरंच फार आनंद झाला.

एकटेपणाचं मात्र काही जमेना. वाटेत घर लागलं की आतून हाक यायची, "या, जेवून जा." आणि नको म्हटलं की चेहरे पडायचे. एका घरातल्या बाईंनी विचारलं, "बरोबर कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर त्यांनी चूल पुन्हा पेटवली. "घरचे कुठे गेले तुमचे?" "घरी आहेत." "भांडण झालं?" मी हौस म्हणून एकटा फिरतोय, हे मी त्यांना तीन प्रकारांनी समजावून सांगितलं. शेवटी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "फार दुखावलेत ते, जास्त विचारू नकोस." आणि मी संध्याकाळी रानात झोळी बांधत होतो तेव्हा तो नवरा बाजूच्या दगडावर येऊन बसला. अंधार पडेपर्यंत बसला. एकट्या माणसाला एकटं सोडून जायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

झोळीबद्दल त्या मासिकाने एक गोष्ट लपवली होती. वरून कितीही पांघरा, थंडी खालून येते. पाठीखालची दुलई सरकून नेमकी माझ्या पायाशी जाऊन बसायची. दोन्ही रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. पण तक्रार करायला माणूस नव्हता, आणि तक्रार करायला माणूस नसला की तक्रार निम्मी होते, असं माझ्या लक्षात आलं. अदृश्य मंडळींची माफी मी प्रत्येक वेळी मागितली. उगाच वाद कशाला.

तिसऱ्या दिवशी मी खिंडीत पोचलो. आता फक्त उतार. मध्ये तिनेपाक नावाचं गाव, आणि तिथून तेवढंच खाली उतरलं की गाडीरस्ता. संध्याकाळपर्यंत आरामात पोचणार, अर्ज फाटणार, सोमवारी वर्गावर. माझ्या अंगात एवढा विजय संचारला की मी ठरवलं, जरा डुलकी काढू. ऊन छान पडलं होतं. वाटेच्या कडेलाच दोन पाईन होते. झोळी बांधली, दाखला नियमाप्रमाणे दर्शनी भागी अडकवला, गोळ्यांची पिशवी शेजारी टांगली, वारा होता म्हणून टॉवेल डोक्यावरून हनुवटीखाली बांधला, चेन ओढली, दोन्ही हात छातीवर ठेवले आणि दोन रात्रींची झोप एकदम काढायला सुरुवात केली.

आता या डोंगरांत दुखणाईत माणसाला खाली कसं नेतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. इथे जन्म गेला माझा. झोळीत घालतात, झोळी बांबूला बांधतात आणि बांबू खांद्यावर घेतात. एका गावचे लोक पुढच्या गावापर्यंत आणतात, तिथले लोक त्याच्या पुढे नेतात. आणि खांदेकरी दमून वर माणसं बोलवायला गेले असतील, तर झोळी झाडाला टांगून जातात. वाटेवर अशी झोळी दिसली की कोणाची, कुठली, हे विचारायचं नसतं. खांदा द्यायचा आणि पुढे न्यायची. हे मला सगळं माहीत होतं. फक्त झोळी विकत घेताना आठवलं नाही.

मला जाग आली तेव्हा आकाश चालत होतं.

पाईनचे शेंडे एकामागून एक पायांकडे सरकत होते. चक्कर, माझ्या मनात आलं. म्हणजे स्प्रिंग गेली. मी मेलो, आणि अर्जावर सही न करता मेलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला फेलीची फार आठवण आली. मग माझ्या डोक्याच्या वरून एक आवाज आला.

"जड आहे रे."

"शहरातला आहे," पायांकडून दुसरा आवाज.

"शिक्षक आहे. कागदावर लिहिलंय. हृदयाचा आजार."

"मग बसून बसून वाढला असेल."

मी तीस वर्षं उभा राहून शिकवलंय! मी हे ताडकन सांगायला गेलो, पण जबडा, मेलेल्या माणसाचा बांधतात तसा, टॉवेलने बांधलेला होता. तोंडातून नुसतं "म्म्म" निघालं.

"कण्हतोय. पाय उचला."

आकाश जोरात पळायला लागलं. मी धडपडून टॉवेल सोडला. "थांबा! खाली ठेवा मला. मी ठणठणीत आहे."

"बोलू नका, आपो. दम वाचवा," पुढचा वयस्क माणूस न वळता म्हणाला. त्याला सगळे मनोंग तुमाग, म्हणजे तुमागदादा, म्हणत होते; आपो ही इकडची वडीलधाऱ्यांना मारायची हाक.

"अहो मी झोपलो होतो!"

"माझा सासराही हेच म्हणत होता. ठणठणीत आहे, खाली ठेवा."

"मग?"

"मग काय. ठेवला खाली."

चालणाऱ्यांनी टोप्या काढल्या आणि परत घातल्या.

तेवढ्यात पायांकडच्या माणसाने मान वाकडी करून मच्छरदाणीतून आत बघितलं. "सर? दुमलाव सर? मी डेन्वर. डेन्वर बाग्तांग. बीजगणितात तुम्ही मला दोनदा नापास केलंत."

असल्या वेळी काय बोलावं याचं प्रशिक्षण शिक्षकांना देत नाहीत. मी म्हणालो, "दुसऱ्यांदा थोडक्यात गेलास."

"सात गुणांनी, सर."

झोळी जरा जास्तच हलली. वाट कड्याच्या काठाने जात होती, म्हणून मी विषय वाढवला नाही.

"डेन्वर, बाळ, मला उतरव. मला स्वतःच्या पायांवर खाली जायचंय. त्यावर माझी नोकरी आहे."

"पेशंटने नोकरीचा विचार करायचा नसतो, सर. काळजी करू नका, कागदावरच्या नंबरवर निरोपही धाडलाय मी. खिंडीत नेटवर्क मिळतं."

"काय निरोप?"

"सरांना झोळीत घालून खाली आणतोय, गाडी घेऊन या."

त्या एका वाक्यात माझा फळा, माझा खडू, माझी मागच्या बाकावरची उनाड पोरं, सगळं पुसलं गेलं. मी तीन दिवस चाललो होतो, सगळे चढ मी चढलो होतो, आणि उरला होता तो उतार! तोही मी झोपेत हरलो. मी चेन वरपर्यंत ओढून घेतली आणि पडून राहिलो. वाटेत समोरून येणारी माणसं बाजूला होत होती, बायका छातीवर क्रूसाची खूण करत होत्या. एकीने माझ्या छातीवर दोन संत्री ठेवली. ती मी रागाने खाल्ली.

तिनेपाकला आलो तर तिथे आधीच एक गर्दी होती. आपो कुलासा नावाच्या म्हाताऱ्या आजी कोबीच्या वाफ्यातून घसरल्या होत्या आणि घोट्याचं हाड मोडलं होतं. एका घोंगडीवर त्यांना बसवलं होतं. चेहरा दुखण्याने पांढराफटक, पण तोंडात पानसुपारी चालू. गावातले बहुतेक पुरुष लग्नाला पलीकडच्या गावी गेले होते. न्यायची माणसं दोन आणि खांदे जेमतेम एकापुरते.

"हृदय आधी," मनोंग तुमागने निकाल दिला. "पाय थांबू शकतो."

"हो, हो, त्यांना न्या," आजी म्हणाल्या. "मी थांबते उद्यापर्यंत. माझं काय, एक पाय अजून आहे."

त्यांनी हे हसून म्हटलं, पण पाय हलला तसं त्यांचं हसू मोडलं. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी झोळीची चेन खाली ओढली आणि बाहेर पडायचा प्रयत्न केला. आधी पाय की आधी बूड, हा गल्लीतला प्रश्न तिथेही सुटला नाही. मी चिखलात उतरलो, पण उभा राहिलो.

"आजींना न्या. मला काही झालेलं नाही. मला डुलकी लागली होती, बस."

"भ्रमात बोलतायत," कोणीतरी म्हणालं.

गावच्या आरोग्यसेविका, मनांग देलिया, पुढे झाल्या. त्यांनी दाखला वाचला. वरची ठळक अक्षरं सगळ्यांनी वाचली होती, त्यांनी खालची बारीक वाचली. मग मला ओट्यावर बसवलं, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला आणि फुगवला. सगळं गाव श्वास रोखून उभं होतं. माझा जीव टांगणीला लागला होता, कारण दोन दिवस वाटेतल्या घरांमधून खारं अदोबो मी पोटभर खाल्लं होतं.

"हं," त्या म्हणाल्या. "याचा तुमच्या सगळ्यांहून बरा आहे." मग माझ्याकडे वळल्या. "लाज नाही वाटत? धडधाकट माणूस लोकांच्या खांद्यावर बसून येतो?"

इतकी सुखाची बोलणी मी आयुष्यात खाल्ली नव्हती. वर्षभरात मला पहिल्यांदा कोणीतरी धडधाकट म्हणून शिव्या घातल्या होत्या.

आजींना माझ्या झोळीत ठेवलं. दुलई पाठीखाली घातली, आणि या खेपेस ती सरकली नाही. सामानातला गोड भात मी त्यांच्या हातात दिला. मग खांदेकरी मोजले तर आळीपाळीने घ्यायला एक माणूस कमी पडत होता. सगळ्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि शेवटी माझ्याकडे बघितलं.

"माझी पाठपिशवी कोणीतरी घ्या," मी म्हणालो.

"जमेल?" मनांग देलियांनी विचारलं. "थोडं थोडं घ्यायचं. धाप लागली की लगेच सोडायचं. मी बरोबर आहे."

बांबू खांद्यावर आला तेव्हा मला आधी हाड आठवलं, मग स्प्रिंग, मग दोन्ही विसरलो. माझ्या पुढे डेन्वर होता. तो उंच, मी बुटका, त्यामुळे आजी सगळ्या माझ्या अंगावर उतरत होत्या.

"सर, मागे जड लागतंय?"

"नाही रे."

"मग तोंडाने आवाज का काढताय?"

"मास्तर, जरा सावकाश," झोळीतून आजी म्हणाल्या. "मघाशी तुम्हाला कसं अलगद आणलं."

खांदा बदलत, थांबत, देलियाबाईंना मनगट देत आम्ही खाली आलो. शेवटच्या वळणाला मी पुन्हा बांबूचं मागचं टोक खांद्यावर घेतलं. त्यात थोडा डाव होता, हे मी लपवत नाही.

रस्त्याच्या टोकाला जीपनी, म्हणजे आमच्याकडची लांबलचक प्रवासी जीप, उभी होती आणि जीपनीत आमची गल्ली होती. सगळी. फेली पुढे, मागे क्रिस्पुलो, कप्तान, सून, मावशी, आणि काळा झगा घातलेल्या मनांग पुरिता. काळा झगा घालून यायचं त्यांना कसं सुचलं, हे मी अजून विचारलेलं नाही. पांढरी झोळी वळणावर दिसली मात्र, मावशीने हंबरडा फोडला. फेली ओरडली नाही. ती चपला टाकून अनवाणी धावत आली. तिचा चेहरा मी बांबूच्या आडून बघितला आणि मला वाटलं, पैज गेली खड्ड्यात, ही अशी धावायला नको होती.

तिने चेन ओढली. आतून आपो कुलासांनी केळीच्या पानावरून मान वर केली.

"भात छान झालाय गं. तू केलास?"

फेलीने आजींकडे बघितलं, झोळीकडे बघितलं, परत आजींकडे बघितलं. मग बांबूच्या रेषेने तिची नजर मागे सरकत सरकत माझ्यापर्यंत आली. मी घामाने निथळत होतो, गुडघ्यापर्यंत चिखल होता, टॉवेल गळ्यात लोंबत होता.

"डॅडी," ती म्हणाली, आणि माझ्या मोकळ्या दंडावर दोन रट्टे लगावले. मग तिथेच कपाळ टेकून रडली. माझा जीव भांड्यात पडला. मीही थोडा रडलो. आजींनी आम्हाला पुरेसा वेळ दिला आणि मग म्हणाल्या, "मला आधी खाली ठेवता का?"

आजींना जीपनीत चढवत होतो तेव्हा क्रिस्पुलोने घसा खाकरला. "हर्ष झाला. पण नोंदीसाठी विचारतो. निरोप आला होता की याला झोळीतून आणतायत. म्हणजे उचलला होता. खरं की खोटं?"

मी तोंड उघडणार एवढ्यात डेन्वर पुढे आला.

"मी सांगतो. खिंडीपासून तिनेपाकपर्यंत सर झोळीत होते. ती उतरणीची अर्धी वाट. ती वजा करा."

"केली," क्रिस्पुलो म्हणाला.

"पुढची अर्धी वाट सर चालले. पण आजींना घेऊन चालले. म्हणजे दोन माणसांची अर्धी वाट. दोन अर्ध्या म्हणजे एक पूर्ण. म्हणजे सर पूर्ण वाट स्वतःच्या पायांवर उतरले." आणि त्याने माझ्याकडे बघितलं. "बरोबर ना, सर?"

हे असलंच गणित त्याने तेव्हा पेपरात केलं होतं. त्याच कारणासाठी मी त्याला नापास केला होता, आणि दोन्ही वेळा ते योग्यच होतं. माझ्या तोंडावर आलं होतं, अरे वजा केलेली अर्धी कुठे गेली? पण खांदा ठणकत होता, समोर फेली होती, आणि डेन्वर इतक्या विश्वासाने बघत होता, की तीस वर्षांत पहिल्यांदा माझी जीभ वळली नाही.

"बरोबर," मी म्हणालो.

फेली जन्मभर हिशेब तपासत आली आहे. तिने डेन्वरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हा तुझा विद्यार्थी?"

"हो."

"आणि असे अजून आहेत?"

"वर्ग भरून."

तिने पर्स उघडली. तो अर्ज तिने बरोबर आणला होता, कारण इस्पितळात कधी कोणता कागद मागतील सांगता येत नाही. "मग तुला घरी बसवून कसं चालेल," ती म्हणाली. तिने अर्ज फाडला नाही. तिला कागद वाया घालवायला आवडत नाही. तो तिने जीपनीच्या बाकावर नीट पसरला आणि आपो कुलासांचा चिखलाने भरलेला पाय अलगद त्यावर ठेवला.

"नोंद झाली," क्रिस्पुलो म्हणाला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला.

झोळी आजींकडेच राहिली, परत मागायचं मला सुचलंही नाही. जीपनीत माझ्या एका बाजूला कप्तान होते, दुसऱ्या बाजूला मनांग पुरिता, मांडीवर मावशीची पिशवी आणि पायांवर कोणाची तरी कोबी. श्वास घ्यायलाही जागा नव्हती. मनांग पुरितांनी वाकून विचारलं, "बरं वाटतंय ना, मास्तर?"

"फारच बरं वाटतंय," मी म्हणालो, आणि बागियो येईपर्यंत त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपलो.